कॅमेऱ्याआधी एक सीझन पिशवी उचला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि त्याच सुमारास गावोगावी नवे कॅमेरे दिसू लागतात. बारावी झालेला, डिप्लोमा अर्धवट सोडलेला किंवा कंपनीतले कंत्राट संपलेला मुलगा आईच्या पाटल्या गहाण ठेवून नाहीतर हप्त्यावर कॅमेरा घेतो, इन्स्टाग्रामवर पान उघडतो आणि पंधरा दिवसांत पहिले लग्न घेतो. त्याच्या हौसेचे आणि हिमतीचे आम्हाला कौतुकच आहे. पण त्या पहिल्या लग्नातल्या नवरीचे काय? बारशाचे फोटो बिघडले तर पोराला पुन्हा पाळण्यात घालता येते, लग्नाचा मुहूर्त पुन्हा लावता येत नाही. म्हणून लग्नाचे फोटो काढण्याच्या धंद्यात बरीच वर्षे असलेल्या आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. नव्या मुलामुलींनी ते वाचावेच, पण हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी त्यांच्या आईवडिलांनीही वाचावे.

आमचे म्हणणे एकच आहे. स्वतःच्या नावावर पहिले लग्न घेण्याआधी एक पूर्ण सीझन, म्हणजे निदान दहा-पंधरा लग्ने, एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराच्या मागे पिशवी आणि लाइट उचलून काढावीत. कॅमेऱ्याची बटणे घरी बसून महिन्याभरात येतात. मांडवात जाऊन शिकायचा असतो तो लग्नाचा क्रम: कुठला विधी किती वेळ चालतो, कोण कुठे उभे राहते, गुरुजी कुठे घाई करतात, गर्दी कधी पुढे सरकते. कानपिळी घ्या. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, हशा होतो, भावाला मान मिळतो आणि सगळे दहा-वीस सेकंदांत संपते. तेवढ्यात तुम्ही लेन्स बदलत असाल तर तो फोटो गेला, आणि तो भाऊ पुढे कित्येक वर्षे तुमची आठवण वेगळ्या कारणाने काढेल.

गौरीहर तर नवे लोक हमखास चुकवतात. त्याच वेळी बाहेर नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवात येत असतो आणि सगळे कॅमेरे बँडमागे धावतात. आत एखाद्या लहानशा खोलीत नवरी पिवळी अष्टपुत्री नेसून अन्नपूर्णेसमोर बसून चिमूट चिमूट तांदूळ वाहत असते. दिवसभरातला तिचा निवांत चेहरा बहुधा तेवढाच. खोलीला खिडकी असेल तर ट्यूबलाइट बंद करायला सांगा, खिडकी तुमच्या बाजूला राहील असे बसा, फ्लॅश लावू नका. एफ/२ (लेन्सचे भोक; आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, पण फोकसच्या मागेपुढे धूसर), शटर १/१६० (सेकंदाचा भाग), आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० ते १६०० एवढ्यात काम होते. बाहेर नवरदेव आणि आत नवरी हे एका माणसाने जमत नाही, म्हणून लग्नाला किमान दोन माणसे लागतात. एकट्याने लग्न घेऊ नये, मग हातात कितीही कमी पैसे राहोत.

आता अंतरपाट. या धंद्याची खरी परीक्षा तिथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बोहल्यावर वधूवर समोरासमोर, मध्ये कापड, मागे मामा आणि करवल्या. तुम्ही कापडाच्या रेषेत, कडेला उभे असाल तरच ते बाजूला होताच दोघांचे चेहरे एका चौकटीत मिळतात. कुणा एकाच्या पाठीमागे उभे राहिलात तर दुसऱ्याचाच चेहरा हाती लागतो. म्हणून एक कॅमेरा रेषेत आणि दुसरा नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीच्या चेहऱ्यावर. कापड कोणत्या बाजूला ओढणार आणि त्या बाजूला गुरुजी स्वतः उभे असणार का, हे त्यांना आधीच विचारून घ्या. गुरुजी आनंदाने सांगतात, विचारायला कुणी जात नाही एवढेच. मंगलाष्टके किती होणार हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, प्रत्येकीने वहीत लिहून आणलेले असते. ती मोजू नका, कान उघडे ठेवा. गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केले की शेवट आला. तिथून पुढे लेन्स बदलायची नाही, कार्ड बदलायचे नाही, मागे वळून कुणाशी बोलायचे नाही.

शेवटच्या ‘सावधान’ला मांडवभर अक्षता उडतात आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चेहरा सोडून जवळून जाणाऱ्या दाण्यांवर उडी मारतो. त्यावर उपाय सोपा आहे, पण आधी सवय लागते: ‘तदेव लग्नं’च्या वेळी चेहऱ्यांवर फोकस घ्यायचा, लेन्सवरची कळ मॅन्युअलवर करायची आणि त्या जागेवरून पाऊलभरही हलायचे नाही. एफ/४ ते एफ/५.६ ठेवले की थोडी हालचाल खपून जाते. दिवसा शटर १/४०० असले की दाणे हवेत थांबलेले दिसतात. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश तेवढ्यापुरता बंद ठेवा. लेन्सजवळच्या दाण्यांवर त्याचा उजेड पडून पांढरे गोळे होतात आणि नेमके नवरीच्या तोंडावर बसतात. गोरज मुहूर्ताला किंवा रात्री उजेड पुरत नसेल तर फ्लॅश स्टँडवर, उंचावर, बाजूने लावा. आणि फूट-दीड फूट उंचीचे लोखंडी स्टूल विसरू नका, कारण त्या क्षणी पहिल्या दोन रांगा उठून उभ्या राहतात आणि पन्नास मोबाइल वर होतात.

याच जागेवरून दुसरी एक चूक होते, ती घरी गेल्यावर कळते. बाजूने बघताना मुंडावळ्यांची लोंबती लड नेमकी डोळ्यासमोर येते. कॅमेरा डोळा शोधतो आणि मोत्यावर थांबतो. एफ/१.४ किंवा १.८ ला मोती धारदार आणि डोळा धूसर, असे शंभर फोटो भरतात; कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे छान दिसत राहते. फोकसचा एकच बारीक बिंदू निवडा, एफ/४ च्या खाली जाऊ नका आणि पहिले दोन फोटो पूर्ण मोठे करून डोळ्याची पापणी दिसते का ते तिथल्या तिथे बघा.

हे सगळे शिकायला कुणाचे लग्न पणाला लावायची गरज नाही. मुंज बघा. तिथेही मुहूर्त असतो, बटू आणि वडील यांच्यामध्ये अंतरपाट असतो, मंगलाष्टके असतात, अक्षता पडतात, होमाचा धूर असतो. गर्दी कमी आणि घरची. नातलगांतल्या, ओळखीतल्या दोन-चार मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणे काढून हात बसवावा.

महाराष्ट्रात सगळी लग्ने अशीच असतात असेही नाही. बौद्ध मंगल परिणयात वधूवर पांढऱ्या वेषात असतात, मागचा पडदाही अनेकदा पांढरा असतो. कॅमेरा इतके पांढरे बघून फोटो करडा करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागते. त्रिसरण-पंचशील चालू असताना पुढ्यातून ये-जा करू नये. निकाहात बायकांच्या बाजूला बहुधा बाई छायाचित्रकारच लागते. आगरी-कोळ्यांची हळद रात्रभर चालते, तिला दोन जादा बॅटऱ्या आणि पावसाळ्यात वापरायचे कॅमेऱ्याचे प्लास्टिकचे कव्हर न्या. हळद लेन्सवर उडाली तर कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात. आधी रबरी फुंकणीने उडवा, मग ओलसर कापड.

उजेडाविषयी बोलताना सगळे महागड्या लाइटविषयी बोलतात, पण मोठे नुकसान मांडवाचे कापड करते. भर उन्हात लाल, जांभळ्या किंवा निळ्या कापडाखाली सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात आणि तो रंग नंतर संगणकावर पुरता निघत नाही. त्याच कापडावर फ्लॅश मारून उजेड परतवला तर आणखी रंग चढतो. आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळेला, जाऊन जागा बघा आणि बोहल्यावरच्या दहा-बारा फुटांत पांढरे किंवा मोतिया कापड लावायला मांडववाल्यांना घरच्यांमार्फत सांगा. कार्यालयाचे छत पांढरे असेल तर फ्लॅश छताकडे वळवून मऊ उजेड मिळतो. लॉनवर छतच नसते, तिथे स्टँडवरचा लाइट हवा आणि स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी हवी, कारण वारा असतो आणि लहान पोरे धावत असतात.

रात्रीच्या स्वागत समारंभात फोटोंवर आडवे काळे-पिवळे पट्टे येतात आणि मुलांना वाटते कॅमेरा बिघडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. स्वस्त एलईडीमध्ये ते जास्त जाणवते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की बहुतेक पट्टे जातात. व्हिडिओसाठी कॅमेऱ्याच्या मेनूत ‘पाल’ (PAL, ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी व्हिडिओ पद्धत) निवडून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. ३० फ्रेमवर सोडलेला कॅमेरा रात्रभराचे चित्रीकरण लुकलुकते करून ठेवतो आणि ते दुरुस्त करायला दिवस जातात. नवरा-नवरीमागच्या एलईडी वॉलचे गणित निराळे असते, तिथे शटर थोडे थोडे बदलून पट्टे कुठे थांबतात ते आधी तपासा. डीजेच्या लेझरपासून कॅमेरा सांभाळा. झोत थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ उमटते, आणि सेन्सर बदलणे म्हणजे जवळजवळ नवा कॅमेरा घेणे.

सूनमुखाला आरसा असतो. सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. फोकस आरशाच्या काठावर न घेता आतल्या चेहऱ्यावर घ्यावा लागतो, कारण प्रतिबिंब आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते. ‘झाल’ या पाठवणीच्या विधीच्या वेळी फ्लॅश बंद. टोपलीतल्या दिव्यांचा उजेड डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसांच्या आणि भोवतालच्या बायकांच्या तोंडावर पडलेला असतो. एफ/२, १/१००, आयएसओ ३२०० ते ६४०० वर तो जसाच्या तसा येतो. लेक निघालेली असते, सगळ्यांचे डोळे भरलेले असतात. तिथे फ्लॅशचा लखलखाट करणे आम्हाला तरी बरे वाटत नाही.

साहित्य किती लागते? दोन कॅमेरे, आणि मुख्य कॅमेऱ्याला दोन कार्डांची सोय हवीच. २४-७० (लेन्सचे हे आकडे मिलिमीटरचे; लहान आकडा रुंद दृश्याचा, मोठा दूरचे जवळ आणणारा) एफ/२.८ ही लेन्स दिवसाचे बहुतेक काम करते. ८५ एफ/१.८ चेहऱ्यांसाठी, ३५ किंवा ५० एफ/१.८ अंधाऱ्या खोलीसाठी. ७०-२०० पहिल्या वर्षी भाड्याने आणा. दोन फ्लॅश, दुरून फ्लॅश पेटवणारा एक ट्रिगर, बॅटऱ्यांचे चार संच. बस. ग्रुप फोटो फार रुंद लेन्सने काढू नयेत, कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई दीडपट रुंद दिसतात. मागे सरका आणि ३५ च्या पुढे काढा, दोन रांगा असतील तर एफ/५.६ ते एफ/८ वर.

कार्डांबद्दल मात्र कुणी कंजुषी करू नये. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तोच फोटो उतरेल अशी मांडणी मेनूत असते, ती चालू करा. एकच मोठे कार्ड दिवसभर वापरण्यापेक्षा ६४ जीबीची चार वापरा, नंबर घाला, भरलेले कार्ड कमरेच्या चेनच्या खिशात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे संस्कार न केलेली मूळ, फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. २,५०० फोटो म्हणजे ६० ते ७५ जीबी. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने (एमबीपीएस) घेतला तर तासाला ४५ जीबी. घरी आल्यावर, अंघोळीच्याही आधी, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती आणि जमल्यास तिसरी दुसऱ्या घरात. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचे नाही. चुकून फॉरमॅट झालेच तर त्या कार्डवर एकही नवा फोटो काढू नका. बहुतेकदा फक्त फाइलींची यादी पुसलेली असते, आतले फोटो सॉफ्टवेअरने परत मिळतात. वरून नवे फोटो काढले की तेही गेले. आणखी एक, वरवर बारीक वाटणारी गोष्ट: सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे एक करा. दोन कॅमेऱ्यांत सात मिनिटांचा फरक असला की संगणकावर मंगळसूत्र आधी आणि अंतरपाट नंतर असा गोंधळ होतो आणि निवडीचा एक दिवस त्यातच जातो.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा फोर-के चित्रीकरण करणारा कॅमेरा तापून मध्येच बंद पडतो. दोन विधींच्या मधल्या वेळात तो सावलीत, पडदा शरीरापासून उघडून ठेवावा. कोकणात आणि गोव्यात उलट दुखणे: एसी खोलीतून थेट किनाऱ्यावर गेलात तर लेन्सवर दव धरते. बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवली की काम भागते. चातुर्मासात लग्ने नसतात आणि नेमकी तेव्हाच लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करून घ्या.

पैशांकडे येताना आम्हाला जरा कठोर बोलावे लागेल. हप्ता बारा महिने येतो, लग्ने बारा महिने नसतात. कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत सीझन, त्यातही पौष आणि गुरू-शुक्राच्या अस्ताचे दिवस वजा. २०२६ चेच घ्या: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सुट्टीतला महिना मुहूर्तांविना. म्हणून पंचांग उघडून पुढच्या बारा महिन्यांतले मुहूर्त मोजा आणि मगच कर्जाचा आकडा ठरवा. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. पहिल्या वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास कर्ज, जुना पण तपासून घेतलेला कॅमेरा आणि बाकीचे भाड्याने, एवढ्यावर भागवता येते.

भाव ठरवताना मुले शेजाऱ्याचा भाव विचारतात आणि त्यातून पाच हजार कमी करतात. असे करू नका. समजा साहित्य ४ लाखांचे आहे, ते चार वर्षे टिकते आणि वर्षाला २० लग्ने होतात. म्हणजे ८० लग्नांत ४ लाख, दर लग्नामागे ५ हजार रुपये फक्त झिजेचे. त्यात जोडीदाराची हजेरी, प्रवास, हार्ड डिस्क, अल्बमची छपाई धरा. आणि दिवस मोजा: हळद आणि लग्न मिळून दोन दिवस, अडीच हजारांतून सहा-सातशे फोटो निवडायला दीड दिवस, रंग-उजेड सुधारायला दोन-तीन, अल्बमचे डिझाइन आणि फेरबदल दोन. एक लग्न म्हणजे साडेसात-साडेआठ दिवसांचे काम होते. मांडवात मिरवायच्या दोनच दिवसांचे पैसे धरणारा दुसऱ्या वर्षी कॅमेरा विकायला काढतो.

पैसे तीन टप्प्यांत घ्यावेत: बुकिंगला चौथाई ते तिसरा हिस्सा, लग्नाच्या आधी अर्धे, उरलेले अल्बमचे डिझाइन मंजूर झाल्यावर छपाईआधी. अल्बमच्या दिवसावर मोठी रक्कम ठेवली की ती बुडते. या धंद्यातली बहुतेक भांडणे अल्बमवरून होतात. घरचे म्हणतात अल्बम दिला नाही, छायाचित्रकार म्हणतो फोटो निवडून दिले नाहीत. म्हणून कागदावर लिहून घ्या: फोटो दिल्यापासून ४५ दिवसांत निवड, निवडीनंतर अमुक दिवसांत डिझाइन, दोन वेळा फेरबदल. अल्बमच्या १२ बाय ३६ इंचांच्या शीटच्या बरोबर मध्यावर घडी येते, तिथे कुणाचाही चेहरा ठेवू नका. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती शीट ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होते, एवढ्या मोठ्या शीटभर कापलेला फोटो ताणू नये. लॅबने वेगळे सांगितले नसेल तर एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतच फाइल पाठवावी, नाहीतर शालूचा रंग उतरतो.

कागद म्हणजे एक पानी करार. तारखा, कार्यक्रम, तास, किती माणसे येणार, किती फोटो, किती शीट, जादा तासाचा दर, लग्न पुढे गेले तर काय, छायाचित्रकार आजारी पडला तर बदली कोण, मूळ डेटा किती महिने ठेवणार. ओळखीचे आहेत म्हणून कागद करायला संकोच वाटतो. ओळखीच्यांतच तो जास्त लागतो, कारण तिथे भांडताही येत नाही. पैसे घेऊन केलेले हे काम ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ‘सेवा’ ठरते आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

नव्या मुलांना हमखास ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोंचा पहिला मालक काम देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो लग्नघराचे. ते न विचारता इन्स्टाग्रामवर टाकणे, दुकानाच्या फलकावर नवरीचा चेहरा लावणे हे कायद्याने आणि माणुसकीनेही चूक. करारात स्पष्ट परवानगी घ्या आणि नको म्हणाले तर नको. लग्नाच्या कार्यक्रमात आणि वरातीत गाणी वाजवायला याच कायद्यात सूट आहे, पण तेच गाणे लावलेली फिल्म यूट्यूबवर चढवणे त्या सुटीत बसत नाही.

ड्रोनचे ऐकीव सल्ले मानू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. पण मुंबई, पुणे, नाशिक इथला बराच भाग विमानतळ आणि लष्करी ठिकाणांमुळे लाल-पिवळ्या क्षेत्रात येतो, जिथे आधी परवानगी लागते. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा स्वस्तात कुणी देत असेल तर पावती मागा. प्री-वेडिंगसाठी गडावर जाताना हेच. रायगड, शिवनेरी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि महाराष्ट्रातले ११ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत. पूर्वपरवानगीशिवाय तिथे लवाजमा घेऊन चित्रीकरण करता येत नाही. धुराचे रंगीत नळे तटावर पेटवणाऱ्यांना कुणी अडवले तर गावकऱ्यांना दोष देऊ नये.

नोंदणीचे थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी लागतो, दर १८ टक्के. उलाढाल म्हणजे हातात राहिलेला नफा नव्हे. अल्बमची छपाई आणि जोडीदाराला दिलेले पैसेही तुमच्याच बिलातून आलेले असतात, तेही त्यात मोजले जातात.

दोन गोष्टींबद्दल आम्हाला मनापासून तळमळ आहे. एका मुहूर्तावर दोन बुकिंग घेऊन एकीकडे शिकाऊ पोराला पाठवण्याची रीत वाढते आहे. ज्यांनी तुमचे काम बघून तुम्हाला बोलावले त्यांना तुम्हीच जायला हवे. जाणे जमत नसेल तर दुसऱ्या चांगल्या माणसाचे नाव सांगावे. आणि चेहरे गोरे करणे थांबवावे. सावळ्या नवरीचा रंग धुऊन टाकला की नाकडोळ्यांची ठेवण, हळदीची झाक, नथीची सावली सगळे जाते आणि दहा वर्षांनी मुलगी विचारते, आई, ही कोण? उजेड चेहऱ्याच्या हिशेबाने मोजा, कॅमेऱ्यावरचा थेट फ्लॅश टाळा, व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत यासाठीची मांडणी) फोटोसाठी मिळणाऱ्या करड्या पुठ्ठ्यावर घ्या. घरचे ‘जरा उजळ करा’ म्हणाले तर एकदा आहे तसा छापून दाखवा, बहुतेक घरे तोच ठेवतात.

मुलींनी या कामात यायला हवे असे आम्हाला ठामपणे वाटते. नवरीच्या खोलीत, निकाहाच्या बायकांकडे, हळदीच्या न्हाणीला त्यांच्याइतके सहज कुणाला वावरता येत नाही. रात्री परतण्याच्या गाडीची जबाबदारी बोलावणाऱ्याची, हे करारात लिहून घ्यावे.

पहिल्या लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही घरांतल्या एकेका माणसाचा नंबर घ्या, ज्याला सगळे नातलग ओळखता येतात. बहुधा धाकटी मामी किंवा काकू असते. तिच्याकडून मानाच्या माणसांची यादी करा. घरातल्या सगळ्यांत वयस्क आजी-आजोबांचा नवरा-नवरीबरोबरचा फोटो जेवणाआधी काढून टाका, दुपारनंतर ते दमून घरी जातात. अल्बम हातात आला की घरचे आधी तोच फोटो शोधतात.

पत्रासोबत एक पानी कराराचा मराठी नमुना जोडला आहे. जागा असेल तर तोही छापावा, ही विनंती.

आपले नम्र,
लग्नाचे फोटो काढणारे आम्ही काही जण,
सातारा